साडेचारची निळी गाडी आणि शेवटचा तास

माळरान

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा लेकीची विज्ञानाची वही चाळली आणि आज बसलोच.

आमचं गाव मराठवाड्यात, जेमतेम दीडशे उंबऱ्यांचं. जि.प.ची शाळा सातवीपर्यंत. आठवीला नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जावं लागतं. आमचा तालुका मानव विकासच्या (मागास तालुक्यांसाठीची राज्य सरकारची योजना) १२५ तालुक्यांत आहे. त्यामुळे आठवी ते बारावीच्या मुलींसाठी ती निळी एसटी आहे, तिकीट नाही. म्हणजे कागदावर आमच्या मुलींना काहीच कमी नाही.

शाळा ११ ते ५. निळी गाडी मोठ्या गावाहून आमच्याकडे निघते साडेचारला. त्यानंतर थेट मुक्कामी गाडी, साडेसातची. ती कधी आठलाही येते. मधे काही नाही. मग सव्वाचार झाले की आठवीच्या वर्गातून आमच्या बाजूच्या अकरा मुली दप्तर उचलतात. आधी मॅडम रागवायच्या, आता दार उघडंच ठेवतात. शेवटचा तास आठवड्यातून चार दिवस विज्ञानाचा.

वहीत 'बल व दाब' हा धडा. पानावर लिहिलंय, "एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने". पुढे कोरं. दुसऱ्या पानावर नवीन तारीख, नवीन मुद्दा. विचारलं तर म्हणाली, "पप्पा, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला."

घटक चाचणीत दाबाची व्याख्या आली होती. हिने जेवढी वहीत होती तेवढीच लिहिली.

आगारात दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा "साहेब फिल्डवर आहेत", दुसऱ्यांदा "वेळापत्रक वरून येतं". वरून म्हणजे कुठून, हे इथं कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि इतरांच्या गावाकडे काय परिस्थिती आहे तेही लिहा.

जाईजुई

अगदी आमच्या घरातलं लिहिलंत. आमच्याकडे उलटं, सकाळची गाडी सव्वाआठला. शाळा साडेदहाला. दोन तास मुली शाळेच्या ओट्यावर बसून. शिपाई कुलूप उघडतो दहाला. पावसाळ्यात समोरच्या पिठाच्या गिरणीत उभ्या राहतात. गिरणीवाले काका चांगले आहेत म्हणून बरं.

जास्त चीड कशाची येते सांगू का? त्याच थांब्यावर आठ वाजता तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस येते. गावातली नऊ पोरं चढतात, निम्मी गाडी रिकामी. तीच बस आमच्या मुलींच्या शाळेवरून पुढे जाते. मुली खिडकीकडे बघत उभ्या राहतात. ओळखीचीच पोरं आत बसलेली असतात, एकीचा तर सख्खा चुलतभाऊ.

वाटसरू_पुणे

धागा वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. आम्ही ७० च्या दशकात रोज सहा किलोमीटर चालत जायचो, अनवाणी. नऊ किलोमीटर सायकलने काय अवघड आहे? आजकाल मुलांना सगळं दारात लागतं.

जाईजुई

वाटसरू काका, तुमच्या वर्गात मुली किती होत्या?

वाटसरू_पुणे

दोन. त्यातली एक गुरुजींची मुलगी.

...बरोबर आहे तुमचं. प्रश्न मागे घेतो.

खडूची_पेटी

सायकलचा विषय निघालाच आहे म्हणून. मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे (जिल्हा सांगत नाही). मानव विकासमधूनच आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीला पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार होते, नंतर पाच हजार केले. पण ते शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. माळरान यांची मुलगी नऊ किलोमीटरवर, म्हणजे सायकलीत बसत नाही, गाडीतच बसते. आणि गाडी साडेचारला. असा हा सापळा.

सायकलला मी कमी लेखत नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि शाळेत येणाऱ्या मुली ठळकपणे वाढल्या. त्यावर अभ्यासही झाला आहे. सायकलला वेळापत्रक नसतं हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पण तिथला सपाट रस्ता आणि आमच्याकडचा घाट यात फरक आहे. शिवाय जुलैत ओढ्याच्या फरशीवरून पाणी जात असताना सायकल खांद्यावर घेऊन कोण उतरणार?

कायद्याचं बघाल तर शिक्षण हक्काच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. जिथे नाही तिथे वाहतुकीची सोय करायची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत त्यासाठी मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंतची तरतूद आहे. माळरान, तुमची मुलगी आठवीत आहे ना? मुख्याध्यापकांना वाहतूक भत्त्याच्या यादीबद्दल जरूर विचारा. आमच्याकडे यादी जाते, पैसे कधी मार्चमध्ये येतात, कधी पुढच्या जूनमध्ये. तोवर वडापवाला उधारीवर थांबत नाही.

डबलबेल

एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त. "वरून येतं" हे आमच्याकडचं ठेवणीतलं उत्तर आहे. मीही दिलंय, खोटं कशाला बोलू.

माळरान भाऊ, फेऱ्यांचं वेळापत्रक आगारातच बसवतात, मंजुरी विभागाची. आता साडेचारच का ते सांगतो. ती निळी गाडी एकट्या तुमच्या गावाची नाही. एका तालुक्याला आधी पाच गाड्या होत्या, मग सात झाल्या. सात गाड्यांत अख्खा तालुका. म्हणजे एक गाडी संध्याकाळी दोन दिशांना जाणार. आधी एकीकडे सोडून यायचं, मग दुसरीकडे. तुमची दिशा पहिली आहे म्हणून तुम्हाला साडेचार. चालक-वाहकाची ड्यूटी सात-साडेसातला संपवायची असते, पुढे ओव्हरटाइम लागतो. आगारप्रमुख सगळ्यात जास्त कशाला भीत असेल तर त्याला.

दुसरं, ही वेळ ज्या वर्षी गाडी सुरू झाली त्या वर्षी शाळेने दिलेल्या पत्रावर बसवलेली असणार. त्यानंतर शाळेची वेळ बदलली का? बहुतेक वेळा बदललेली असते आणि आगाराला कुणी कळवलेलं नसतं. कारण शाळेला वाटतं ग्रामपंचायत कळवेल आणि ग्रामपंचायतीला वाटतं शाळा.

तोंडी सांगून काही होत नाही. शाळेच्या लेटरहेडवर भरायची-सुटायची वेळ, गावनिहाय मुलींची संख्या. सोबत दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव. एक प्रत आगारप्रमुखांना, एक विभाग नियंत्रकांना, आणि तिसरी जिल्हाधिकारी कार्यालयात मानव विकासच्या समितीला, कारण निळ्या गाडीचा पैसा तिथून येतो. तीनही ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. चहा पाजला तरी शिक्का आधी.

उगाचच

आणि त्या निळ्या गाड्या सुट्टीत लग्नाचं वऱ्हाड नेतात ते पण लिहा की काका. आमच्याकडे नेत्याची सभा असली की शाळेची फेरी रद्द. आषाढीला पंधरा दिवस पंढरपूर.

डबलबेल

शाळेच्या वेळा सोडून ती गाडी इतर फेऱ्यांना धावते, त्यात काही गैर नाही. उभी ठेवून गंजवायची का? पण शाळेच्या दिवशी शाळेची फेरी तोडून प्रासंगिक कराराला (म्हणजे वऱ्हाडा-सभेला भाड्याने) पाठवणं चूक, हे मान्य. त्याचं गणित असं आहे. कराराच्या गाडीचे पैसे आधी रोख जमा होतात. शाळेच्या फेरीत गाडी गच्च असते, पाय ठेवायला जागा नसते, आणि वाहकाच्या पिशवीत शेवटी सव्वाशे रुपये. सगळे पासवाले. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट, मुलांना पास एक तृतीयांश पैशांत. त्या सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं, पण ती त्या फेरीच्या हिशोबात समोर दिसत नाही. दिसते ती रिकामी पिशवी.

मी स्वतः एका फेरीवर सहा वर्षं होतो. दारात उभ्या पोरी मोजून आत घ्यायच्या, दप्तरं बॉनेटवर रचायची. चालकाला गिअर टाकताना रोज कुणाचा तरी डबा लागायचा. एक पोरगी शेंगदाण्याची चटणी आणायची, तिचा डबा फुटला तेव्हा आठवडाभर गिअरला लसणाचा वास होता.

तांबडीमाती

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे 'बालरथ' आहेत. अनुदानित शाळांना सरकारच्या योजनेतून बस मिळाली आणि चालक, मदतनीस, डिझेल यासाठी शाळेला अनुदान मिळतं. गाडी शाळेच्या ताब्यात असल्याने सुटायच्या वेळेचा घोळ होत नाही. पाचला शाळा सुटली की पाच वाजून पाच मिनिटांनी गाडी निघते. वाड्या-वाड्यांवर जाते, जिथे कदंब (गोव्याची सरकारी बस) जात नाही तिथेही.

पण सगळं गोडगोड नाही. चालक-मदतनीस कंत्राटी, पगारावरून त्यांचे संप झालेत. तेव्हा पालकांनी मुलं स्कूटरवर तिघं-तिघं बसवून नेली. अनुदान उशिरा आलं की टायर बदलायचे पैसे व्यवस्थापन कुठून आणणार? आणि गोवा केवढासा, तुमच्या एका जिल्ह्याहूनही लहान. तरीही 'गाडीची चावी कुणाच्या हातात' हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो.

उगाचच

चावी शाळेला दिली तर शाळा तरी राहते का बघा. २०२३ मध्ये सरकारने समूह शाळांचं काढलं होतं ते विसरलात? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, मुलांना बसने न्यायचं, बसला पैसे कंपन्यांच्या सीएसआर निधीतून. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देत होते. तोरणमाळला निवासी शाळा आहे, तो दाखला वाहतुकीला कसा लागू पडतो ते मला अजून कळलं नाही.

आमच्या वाडीची शाळा चौथीपर्यंत, पट अकरा. आज पोरगं खडीसाखर चघळत चालत जातं. उद्या सहा वर्षांच्या पोराला बसने सात किलोमीटर, आणि बस येणार माळरानच्या साडेचारसारखी. एकदा शाळा गेली की गेली. बसचं अनुदान पहिल्या दोन वर्षांत थोडंच बंद होतं, ते तिसऱ्या वर्षी.

खडूची_पेटी

उगाचच, तुमचा सूर नेहमीचाच, पण या वेळी मी तुमच्या बाजूने. चार मुलांच्या वर्गात मुलं एकलकोंडी होतात हे खरं, मी शिकवलंय अशा शाळेत. कबड्डीला दोन संघ होत नाहीत. मोठ्या शाळेत पोरं खुलतात. पण क्रम उलटा हवा. आधी वर्षभर बस वेळेवर चालवून दाखवा, मग शाळेचं बघू.

इकोवाला

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, चुका पोटात घाला. मी इको व्हॅन चालवतो, शाळेची पोरं नेतो. गाडी सात सीटची, पोरं चौदा. एवढ्यावर शिव्या देणार असाल तर द्या.

२०११ च्या स्कूल बस नियमावलीप्रमाणे पिवळा रंग, वेगमर्यादेचं यंत्र, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडव्या दांड्या, मुली असतील तर बाई मदतनीस, चालकाला पाच वर्षांचा अनुभव. सगळं रास्त आहे, माझीबी पोरगी त्याच गाडीत असते. पण मी महिन्याला पोरामागं सातशे घेतो. सात पोरांत सातशेनं गाडी चालवायची तर हप्ता सोडा, पेट्रोल, गॅससुद्धा निघत नाही. मदतनीस बाईला काय देऊ? चौदाशे मागितले तर बाप म्हणतो पोरीला नको पाठवायला, पोराला तेवढं ने. हे मी माझ्या कानानं ऐकलंय, तीन घरी.

आरटीओच्या तपासण्या जूनमधे सुरू झाल्या की आम्ही आठ दिवस गाड्या काढत नाही. त्या आठ दिवसांत पोरं कशी जातात? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॉलीला कुणी अडवत नाही.

वाटसरू_पुणे

इकोवाला, चौदा मुलं म्हणजे अपघात झाला तर काय, हा विचार येत नाही का?

इकोवाला

रोज येतो काका. घाटाच्या वळणावर पोरं गाणी म्हणत असतात, तिथं मी त्यांना गप करतो. त्यांना वाटतं मी खडूस आहे.

माळरान

सर्वांचे आभार. डबलबेल काका, तुमचं पत्राचं वाचून मुख्याध्यापकांना भेटलो. तुमचा अंदाज बरोबर निघाला. गाडी सुरू झाली तेव्हा शाळा साडेदहा ते साडेचार होती. नंतर अकरा ते पाच झाली. आगाराला कुणी कळवलंच नाही! एवढी वर्षं दर बॅचच्या मुली शेवटचा तास सोडून येतायत आणि कारण काय, तर एक पत्र.

जाईजुई ताई, पिवळ्या बसचं आमच्याकडेही तसंच आहे. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, विमा फक्त आमच्या शाळेच्या मुलांचा आहे, दुसरं मूल बसवलं आणि काही झालं तर मी आत. त्याचंही बरोबर.

जाईजुई

पत्र जरूर द्या, आणि मागे लागा. मी का एवढी पोटतिडकीने लिहिते ते सांगते. २०२१ च्या ऑक्टोबरच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला, एप्रिलपर्यंत चालला. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. माझी पुतणी नववीत. पहिला महिना दुधाच्या टेम्पोतून गेली, कॅनच्या मधे उभी राहून. मग टेम्पोवाल्याबद्दल गावात कुणीतरी काहीबाही बोललं. खरं-खोटं देव जाणे. दिराने दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. संप मिटेपर्यंत परीक्षा आली, ही बसलीच नाही. पुढच्या मेमध्ये लग्न.

ती हुशार होती असं मी म्हणणार नाही. मध्यम होती. मध्यम मुलींना शिकायला बस वेळेवर यावी लागते. हुशार असती तर कदाचित कुणी काही केलं असतं.

डबलबेल

ताई, त्या संपात मीही होतो. आमच्या मागण्या खोट्या नव्हत्या. आमच्या आगारातली माणसं गेली त्या काळात. पण तुमच्या पुतणीसारख्या पोरी माझ्याही फेरीवर होत्या. संपानंतर पहिल्या दिवशी गाडी घेऊन गेलो तर थांब्यावर पूर्वीच्या सतराजणींपैकी दहा. बाकीच्यांचं विचारलं नाही मी.

खडूची_पेटी

माळरान, पत्रात एक वाक्य जरूर टाका: 'शाळेच्या वेळेत भविष्यात बदल झाल्यास आगारास कळवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.' म्हणजे पुढच्यांना 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. मी माझ्या शाळेत आजच फाईल काढून बघितली. आमच्याही पत्रावर जुनीच वेळ आहे. सांगायला लाज वाटते, पण आहे.

माळरान

पाच आठवड्यांनी लिहितोय. वेळ लागला पण काम झालं!

तिन्ही ठिकाणी शिक्के घेतले. आगारात पहिल्यांदा परत "बघू" म्हणाले. मग सरपंच बाई स्वतः आल्या, अकरा मुलींपैकी सात जणींच्या आया सोबत. काही बोलल्या नाहीत, चौकशी खिडकीजवळच्या बाकावर बसून राहिल्या. वाहतूक नियंत्रकाने दोनदा पाणी विचारलं. दुपारी आगारप्रमुखांनी बोलावून घेतलं, शाळेचं पत्र वाचलं आणि म्हणाले, "हे तर आधी द्यायला पाहिजे होतं."

सोमवारपासून गाडी सव्वापाचला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांब्यावर गेलो होतो. लेक उतरली आणि म्हणाली, आज मॅडमनी दार लावून घेतलं.

काका, तुमच्यासाठी पेढे पाठवायचेत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डबलबेल

पेढे नकोत, शुगर आहे. पण आनंद झाला. मुलीला म्हणावं दाबाची व्याख्या पाठ करून ठेव, मी विचारणार आहे.

तांबडीमाती

अभिनंदन माळरान! सरपंच बाईंना नमस्कार.

पांदीची_वाट

आजच सभासद झालो. हा धागा गावातल्या ग्रुपवर फिरत आला म्हणून वाचला. माळरान यांचं गाव कुठलं ते त्यांनी लिहिलं नाही, पण सोमवार आणि सव्वापाच वाचून मला कळलं. आम्ही त्याच गाडीच्या दुसऱ्या दिशेला आहोत. आमची गाडी पूर्वी साडेपाचला होती. सोमवारपासून साडेचारला आहे. आगाराने दोन्ही फेऱ्या फक्त पुढेमागे केल्यात.

आमच्या मुली त्याच शाळेत. आठवीत सहा आहेत, माझी भाची त्यातली एक. काल सव्वाचारला त्या उठल्या, आणि म्हणे मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही का?"

भांडायला आलो नाही. पण शाळेच्या पत्रात आमच्या गावाचं नाव का नव्हतं, एवढं विचारायचं होतं.

माळरान

दादा, वाचून हात थांबले. खरंच लक्षात आलं नाही. काकांनी गावनिहाय संख्या लिहायला सांगितली होती, आम्ही आमच्याच बाजूच्या गावांची लिहिली. दोन ग्रामपंचायतींचे ठराव म्हणाले होते, त्यातला दुसरा शाळेच्या गावाचा असं आम्ही समजलो.

मुख्याध्यापकांना आत्ता फोन केला. उद्या सकाळी दहाला शाळेत या, तुमच्या सरपंचांना आणा. नवीन पत्र करू, दोन्ही दिशांच्या मुली एका यादीत. डबलबेल काका, एका गाडीत दोन्हीकडे पाचनंतर कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

डबलबेल

दोन्ही गावांचं अंतर आणि मधल्या फाट्यांची नावं लिहा. तुमच्याकडे गाडी जाऊन यायला किती मिनिटं लागतात तेही. पहिली दिशा जाऊन-येऊन पाऊण तासात होत असेल तर दुसऱ्या दिशेच्या मुली तासभर शाळेतच थांबतील, पण मग कुणीतरी शिक्षक थांबायला हवा. नाहीतर दुसरी गाडी मागावी लागेल. कागद-पेन घेऊन बसलोय.

पांदीची_वाट

आमच्याकडे जायला सात किलोमीटर, मधे दोन फाटे. फरशी पुलावर पाणी नसेल तर वीस मिनिटं. उद्या दहाला येतो.